ओ की ठो

मास्तरांनी के, आय, के, ए, आय अशा पाच कळा दाबल्या आणि अंगठ्याने स्पेसबार. अक्षरांखाली छोटी यादी उघडली. 'किकाय' या एका जपानी उच्चाराचे चार शब्द: यंत्र, संधी, विचित्र आणि उपकरण. समोरच्या जुन्या पानावर यंत्र होतं, यादीतही यंत्रच पहिलं होतं. पण चारही शब्द नीट वाचल्याशिवाय मास्तर एन्टर दाबत नसत. यंत्र लिहायला जावं आणि संधी लिहून बसावं, असं व्हायला नको. अकरा वर्षांत ते एकदाही झालेलं नव्हतं.

त्यांनी एन्टर दाबलं आणि त्याच क्षणी शेजारच्या टेबलावर त्यांच्या बायकोने नवं पान उघडलं.

घड्याळात अकराला दहा कमी होते. तिचं हे चौथं पान. मास्तर दुसऱ्या पानाच्या मध्यावर होते. तिची पानं मोजायची नाहीत असं त्यांनी सोमवारी ठरवलं होतं, मंगळवारीही ठरवलं होतं. आज बुधवार होता.

ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, सहा टेबलं आणि मॅनेजरांची काचेची केबिन. काम एकच. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी छापलेली यंत्रांची जपानी माहितीपुस्तकं संगणकावर नव्याने टाइप करायची. यंत्रं अजून निरनिराळ्या कारखान्यांत चालू होती, पुस्तकं मात्र पिवळी पडून फाटायला आली होती. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात जुन्या पानाचा फोटो, उजव्या अर्ध्यात कोरी जागा. कळफलक साधाच, इंग्रजी अक्षरांचा. शब्दाचा उच्चार इंग्रजी अक्षरांत मारायचा, स्पेसबार दाबायचा आणि संगणक पुढे करील त्या शब्दांतून आपला उचलायचा. म्हणजे अक्षर नुसतं तोंडओळखीचं असून भागत नाही, त्याचं नाव माहीत असावं लागतं. नाव माहीत नसलं तर माणूस समोर उभा असूनही हाक मारता येत नाही, तसं होतं.

मास्तरांना नावं माहीत होती. चार परीक्षा, चार प्रमाणपत्रं, आणि चौथ्या परीक्षेत तर केंद्रात पहिले. ऑफिसातल्या चुका ते चष्मा कपाळावर चढवून दाखवत, म्हणून मास्तर हे नाव पडलं होतं आणि ते त्यांना मनातून आवडे. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. तिला इथे आणलं ते मास्तरांनीच. नऊ वर्षांपूर्वी काम वाढलं, माणूस मिळेना, तेव्हा ते तिला म्हणाले होते, "नाहीतरी घरी बसून काय करतेस?" हे वाक्य आता आठवलं की मास्तरांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे.

सुरुवातीला त्यांनी तिला संध्याकाळी शिकवायचा प्रयत्न केला. अक्षराचा आकार आणि अर्थ तिच्या एकदा बघून लक्षात राही. उच्चार काही केल्या राहत नसे. त्यात एका अक्षराला दोन-दोन, तीन-तीन उच्चार, आणि कुठे कुठला ते शेजारचं अक्षर ठरवणार. "माहेरी मी बबी आणि इथे वहिनी, तसंच ना?" ती म्हणाली होती. मास्तरांना ते शास्त्राला सोडून वाटलं. महिन्याभरात त्यांनी पुस्तक मिटलं आणि तुझ्याच्याने होणार नाही असं सांगून टाकलं.

मग तिने आपली वाट आपणच काढली. टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये स्वतःचा शब्दकोश करायची सोय असते. अमुक कळा दाबल्या की तमुक शब्द उमटावा, अशी नोंद करता येते. तिने पहिल्या पानावरचं एकेक अक्षर माउसने पडद्यावर काढून शोधलं आणि प्रत्येकाला घरचं नाव दिलं. पाण्याला पानी. दात्यांच्या चाकाला दाता. 'खबरदारी घ्या' याला जपुना. जपानीत ल नाही, ती कळ दाबली तर भलतंच बारकं काहीतरी उमटतं, म्हणून तेलाचं तिने तेरा केलं. आणि 'धोका' या शब्दासाठी तिने नाव ठेवलं होतं 'मेला', म्हणजे कळफलकावर मेरा. सूचना न पाळणाऱ्याचं जे होणार तेच.

मास्तर तेव्हा पोट धरून हसले होते. हे कुणाला सांगू नकोस, लोक हसतील, असं त्यांनी बजावलं. तिने नाही सांगितलं.

आता तिच्या कोशात सहा हजार शब्द होते. प्रत्येकाचं नाव चार-सहा कळांचं आणि एका नावाचा एकच शब्द. त्यामुळे तिच्यापुढे यादी उघडतच नसे. मास्तर चारातून एक निवडत तोवर तिची ओळ संपे. डावीकडच्या पानावर डोळे, खाली बोटं, मधे काही नाही. कधी एका हाताने चहा पिताना दुसऱ्या हाताने ती टाइप करताना दिसली की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

पाण्यात पाहणं म्हणजे काय ते मास्तरांना या वयात, आणि तेही स्वतःच्या बायकोमुळे, कळत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला? गेल्या महिन्यात तिला तीन दिवस ताप होता. मास्तरांनी वेळेवर औषधं दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, रात्री दोनदा उठून पाहिलं. आणि त्या तीन दिवसांत भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांत जास्त पानं त्यांची होती. चौथ्या दिवशी ती साडी नेसून तयार झाली तेव्हा त्यांनी अगदी मायेने म्हटलं होतं, "अजून एक दिवस विश्रांती घे की." बोलून झाल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली होती. पण वाक्य मागे घ्यावंसं वाटलं नव्हतं.

साडेअकराला मॅनेजरांनी केबिनमधून त्यांना खूण केली.

बोलावणं कशाबद्दल ते मास्तरांना ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावर नवी खोली तयार होत होती. सगळी टाइप केलेली पानं तिथे एकाच माणसाने वाचायची, तपासायची आणि त्याच्या सहीनेच ती काम देणाऱ्या कंपनीकडे जायची. मास्तरांनी अर्ज दिला होता, चारही प्रमाणपत्रांच्या प्रती जोडून. परवा ते सहज म्हणून वर जाऊन खोली बघूनही आले होते. खिडकी मोठी होती, टेबल खिडकीशी आडवं होतं. ते आपण सरळ करून घेऊ, असं त्यांनी ठरवलं होतं.

मॅनेजरांना जपानी येत नसे. त्यांना सगळी पानं सारखीच दिसत. तक्रार आली नाही की पान चांगलं, एवढं त्यांचं गणित. त्यांनी मास्तरांना बसायला सांगितलं, खुर्ची सरकवून दिली, पंख्याचा वेग वाढवला. मॅनेजर एवढी सरबराई कधी करत नसत.

"कंपनीचं पत्र आलंय, मास्तर," ते म्हणाले. "त्यांना चार नंबर हवाय."

प्रत्येक पानाच्या तळाशी टाइप करणाऱ्याचा नंबर असे. मास्तर एक नंबर. चार नंबर कोण, ते त्यांना विचारावं लागलं नाही.

मॅनेजर सांगत राहिले. एका पुस्तकात झडप उजवीकडे फिरवा असं छापलं होतं आणि चित्रातला बाण डावीकडे होता. चार नंबरने पानाखाली तसा शेरा लिहून पाठवला. कंपनीने जाऊन यंत्र बघितलं, तर बाण बरोबर. इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मास्तर ऐकत होते. त्या पुस्तकाचा पहिला भाग त्यांनी टाइप केला होता. त्यातही तेच वाक्य होतं, तसंच चित्र होतं, आणि मास्तरांनी ती चूक अगदी बिनचूक टाइप केली होती.

"घरातच राहतंय की सगळं," मॅनेजर म्हणाले. "तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"छे," मास्तर म्हणाले. "वाईट कसलं. पण काम तपासणीचं आहे. वाचता यायला हवं."

"मग? वहिनी वाचतात की."

इथे गप्प बसता आलं असतं. मास्तरांना ते त्या क्षणीही कळत होतं. काचेपलीकडे ती दिसत होती. मान किंचित कलती, बोटं चाललेली, आणि केबिनमध्ये काय चाललंय याकडे तिचं लक्षही नव्हतं. तिचं लक्ष नाही हेच त्यांना सोसलं नाही.

"तिला जपानीचं ओ की ठो येत नाही," मास्तर म्हणाले.

एकदा तोंड उघडल्यावर मग त्यांनी सगळंच सांगितलं. कोश, घरची नावं, पानी, दाता, तेरा. 'मेला'सुद्धा सांगितलं. मॅनेजर हसतील अशी त्यांची अपेक्षा होती. मॅनेजर हसले नाहीत.

"म्हणजे नऊ वर्षं..."

"चित्रं बघून टाइप करते. तो कोश काढून घ्या, दुसऱ्या कुठल्याही मशीनवर बसवा. एक ओळ येणार नाही."

"हे तुम्ही सांगताय," मॅनेजर म्हणाले. मास्तर उठले. उठताना त्यांनी खुर्ची होती तिथे नीट ठेवली.

जेवणाच्या सुट्टीनंतर मास्तर बँकेच्या कामाचं निमित्त काढून बाहेर पडले आणि तासभर उगाच भटकत राहिले. एका दुकानाच्या काचेत त्यांनी स्वतःला पाहिलं आणि ते पुढे सरकले. आपण खोटं काय बोललो, असं ते स्वतःला विचारत होते. एकही शब्द खोटा नव्हता. उच्चार तिला येत नव्हते, आणि उच्चार न येणाऱ्याला भाषा येते असं कुठलीच परीक्षा मानत नाही. हे सगळं त्यांनी मनाशी तीनदा घोळवलं, आणि तिन्ही वेळा ते पटलं, आणि तरी बरं वाटलं नाही.

संध्याकाळी घरी ती नेहमीसारखीच होती. दोरीवरचे कपडे काढून आणले, घड्या घातल्या, त्यांचे सदरे वेगळे ठेवले. रेडिओ लावला, बंद केला. मग पलंगाच्या कडेला बसून तिने विचारलं, काही बोलायचंय का, चेहरा असा का दिसतोय. मास्तर म्हणाले, झोप आलीय. साडेसात वाजले होते. तिने घड्याळाकडे पाहिलं, दिवा मालवला आणि मास्तर तिन्हीसांजेला अंथरुणात डोळे मिटून पडून राहिले. बाहेरच्या खोलीतून तिच्या हातातल्या भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. त्यांच्या हातात एक पुस्तक होतं, अजून कुणीच हात न लावलेलं.

"वहिनी, आज जरा मास्तरांच्या मशीनवर बसता का?" ते म्हणाले. "एकच पान."

ती उठली. मास्तरांनाही उठावंच लागलं. ती त्यांच्या खुर्चीवर बसली, खालची दांडी ओढून खुर्ची थोडी खाली घेतली, कळफलक स्वतःकडे सरकवला. आपल्याच टेबलामागे मास्तर उभे राहिले. तिची खुर्ची रिकामी होती, पण तिथे बसायला मन होईना. बाकीच्या चौघांनी पडद्यावरची नजर काढली नाही, पण कुणाच्याच कळा वाजत नव्हत्या.

पान तेलपाण्याबद्दलचं होतं. सवयीने तिची बोटं 'तेरा' मारून मोकळी झाली आणि तिने स्पेसबार दाबला. तेलाच्या जागी देऊळ उमटलं. जपानीत 'तेरा' म्हणजे देऊळ. मास्तरांच्या मशीनला दुसरं काय माहीत असणार! मास्तरांच्या छातीत काहीतरी आनंदाने उडालं. त्या आनंदाला ते लगेच ओळखून चुकले, तिच्या तापाच्या तीन दिवसांत फळ्यासमोर भेटला होता तोच हा.

तिने देऊळ पुसलं. दोन्ही हात मांडीवर घेतले. मग घशातल्या घशात, अगदी हळू, म्हणाली, "हं... आबुरा."

आणि तसंच टाइप केलं. तेल उमटलं.

मास्तर हलले नाहीत. पुढचा शब्द दात्यांच्या चाकाचा होता. "हागुरुमा," ती पुटपुटली, शेवटचं अक्षर किंचित ओढून. मग "शिमेत्सुके". मग "चुऊइ". प्रत्येक अवघड शब्दाआधी ती छोटासा हुंकार देत होती, आणि तो हुंकार, ते शेवटचं अक्षर ओढणं, दोन शब्दांमधलं घसा खाकरणंसुद्धा, कुणाचं तरी होतं. कुणाचं ते कळायला मास्तरांना दोन ओळी लागल्या.

ती सावकाश जात होती. दर वेळी यादी उघडत होती आणि तिला यादीची सवय नव्हती. पण अक्षरांच्या आकारात ती कधी चुकलीच नव्हती, त्यामुळे योग्य शब्दावर बोट बरोबर थांबत होतं. मास्तरांना पंधरा-वीस मिनिटं लागली असती तिथे तिला चाळीस झाली. मॅनेजर पाठीमागे हात बांधून उभे होते.

खालून तिसऱ्या ओळीत ती अडली.

शब्द पाचर असा होता. असल्या पुस्तकांत तो सहसा नुसत्या उच्चाराच्या साध्या अक्षरांतच लिहितात. इथे छापलेलं जुनं, तेरा रेघांचं अक्षर मास्तरांनी स्वतःही कधी टाइप केलेलं नव्हतं. पण उच्चार त्यांना माहीत होता. कुसाबी. तो त्यांच्या जिभेवर येऊन थांबला. ती पडद्याकडे बघत होती. तिने मागे वळून पाहिलं असतं तर आपण काय केलं असतं, हे मास्तरांना नंतरही कधी सांगता आलं नसतं. तिने वळून पाहिलं नाही. तिने कोपऱ्यातली छोटी चौकट उघडली आणि माउसने ते अक्षर काढायला घेतलं. आधी आडवी रेघ, मग उभी, मग डावीकडची तिरपी. तेराही रेघा, क्रमाने, एकही न चुकता.

"हे चालतं का, मास्तर?" मॅनेजरांनी विचारलं. "असं काढून?"

मॅनेजरांना खरंच माहीत नव्हतं, आणि त्या खोलीत मास्तरांचा शब्द खोडेल असा दुसरा कुणी नव्हता. नाही म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"चालतं," ते म्हणाले. "उच्चार अडला तर मीसुद्धा असंच शोधतो. अक्षर ठाऊक असेल त्यालाच काढता येतं ते."

पान पुरं झालं. मॅनेजरांनी ते मास्तरांच्याच हातात दिलं आणि मास्तरांनी तिथेच उभ्याने वाचलं. एक चूक होती, तीही किरकोळ. त्यांनी ती दाखवली, मास्तरच ते.

"वहिनी, हे उच्चार कुठे शिकलात?" मॅनेजर म्हणाले.

"शिकायचं काय त्यात? हे दिवसभर शेजारी बसून पुटपुटत असतात ना."

"मी पुटपुटतो?" मास्तर म्हणाले.

त्यावर सगळं ऑफिस हसलं. कोपऱ्यातल्या टेबलावरची मुलगी तर डोळे पुसत म्हणाली की नवीन आले तेव्हा मला वाटलं तुम्ही जपच करता. अकरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं, एक मास्तर सोडून. तेही हसले, हसण्यावाचून इलाज नव्हता. आतून त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपली चोरी झाली. चार परीक्षा आपण दिल्या, आणि ही शेजारी बसून आयती ऐकत राहिली. मग वाटलं, पुस्तक मिटून आपण हिला नाही येणार म्हणून सांगितलं, त्यानंतरही ही ऐकतच राहिली. नऊ वर्षं, दिवसाचे आठ तास. एवढं लक्ष देऊन मास्तरांचं बोलणं जगात दुसऱ्या कुणीही ऐकलेलं नव्हतं.

दुपारी मॅनेजरांनी तिला केबिनमध्ये बोलावून नेमणुकीचा कागद दिला. तिने सही केली. मास्तर आपल्या खुर्चीवर बसले होते, पण ती खाली गेलेली खुर्ची त्यांनी वर घेतली नव्हती.

संध्याकाळी दोघं चालत निघाले. सिग्नलपाशी गर्दी होती, लाल दिवा होता. तिने पर्समधला कागद काढून पुन्हा वाचला, घडी घालून परत ठेवला.

"मॅनेजर म्हणाले, परीक्षा घ्यायचं तुमच्यामुळेच ठरलं," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही.

"काय सांगितलंत हो त्यांना?"

वाक्य तयार होतं. केबिनमधून ती बाहेर आली तेव्हापासून ते त्यांनी घडवून ठेवलं होतं, कारण ती विचारणार हे त्यांना माहीत होतं. म्हणालो, कंपनीने उद्या शंका घ्यायला नको. सगळ्यांसमोर एकदा परीक्षा घ्या, ती कमी पडायची नाही. चांगलं वाक्य होतं. पुढे उभ्या असलेल्या मोटारीचा मागचा दिवा उघडझाप करत होता. मास्तरांनी त्याच्याकडे बघत तोंड उघडलं.

"म्हणालो, तिला जपानीचं ओ की ठो येत नाही."

तिने पर्सची चेन ओढून बंद केली.

"'मेला'चंही सांगितलं."

"आणखी?"

"कोश काढून घ्या म्हणालो. एक ओळ येणार नाही म्हणालो." त्यांनी घसा खाकरला. "ती खोली मला हवी होती. आणि ती तुला मिळतेय हे मला बघवेना."

मागच्या माणसाने वाट मागितली. दोघं थोडे बाजूला झाले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "काल तुम्ही बँकेत गेलात ना, तेव्हा मॅनेजरांनी बोलावून सगळं सांगितलं. शब्दन् शब्द."

मास्तरांना साडेसात वाजता मिटलेले आपले डोळे आठवले.

"मग कालच का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

दिवा हिरवा झाला. माणसं पुढे सरकली. ते दोघं तेवढे मागे राहिले.

"आत्ता खोटं बोलला असतात," ती म्हणाली, "तर उद्यापासून मी कायमची वरच बसणार होते."

"आणि आता?"

"आताही वरच बसणार आहे." तिने पर्स खांद्यावर नीट घेतली आणि रस्ता ओलांडायला लागली. "पण डबा खायला खाली येईन."